बदली झाली, बिऱ्हाड हलवायचंय. ट्रान्सफर टीएमध्ये (बदलीच्या प्रवासभत्त्यात) नक्की काय काय मिळतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी बदली नागपूरहून बेंगळुरूला झालीय. केंद्र सरकारची नोकरी, लेव्हल ७, बेसिक ५२,०००. घरात मी, नवरा, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत आणि माझी आई, ती आमच्याकडेच असते. याआधीची बदली लग्नाआधीची, तेव्हा दोन बॅगा उचलल्या आणि निघाले. आता भरला संसार आहे, फ्रीज, वॉशिंग मशीन, दोन कपाटं, मुलांची पुस्तकं, सायकली, शिवाय कार. पॅकर्सवाल्यांची कोटेशन्स ६०,००० पासून ९५,००० पर्यंत आलीत, कार वेगळी.

ऑफिसात विचारलं तर तीन जणांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला बिलं दाखव, सगळं मिळतं. दुसरा म्हणाला ठरलेली रक्कम मिळते, बाकी आपल्या खिशातून. आणि अकाउंट्सच्या क्लार्कने तर बॉम्बच टाकला, म्हणे तुम्ही मागे ऑप्शन फॉर्म भरून बेंगळुरू तिसरा चॉइस दिला होता ना, मग ही तुमच्या विनंतीवरून झालेली बदली, टीए बसणार नाही. रोटेशनमधे, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या बदल्यांत, सगळ्यांकडूनच तो फॉर्म भरून घेतात हो, न भरून सांगणार कोणाला! ऑर्डरमधे फक्त 'ट्रान्सफर्ड अँड पोस्टेड' एवढंच लिहिलंय, पुढे काही नाही. रिलिव्ह व्हायला फार वेळ नाहीये, त्यामुळे ज्यांनी कुटुंबासकट बदली केलीय त्यांनी कृपया नीट सांगा, पैसे कसे मोजतात, कागद कुठले जपायचे, आणि हा विनंतीचा घोळ कसा निस्तरायचा.

ऑडिटवाला

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू कारण तो सुटला नाही तर बाकी सगळं आकडेमोडीपुरतंच राहतं.

नियम असा की बदली सार्वजनिक हितासाठी असेल तर टीए, स्वतःच्या विनंतीवरून असेल तर टीए नाही, आणि जॉइनिंग टाइम, म्हणजे नव्या जागी रुजू व्हायला मिळणारे दिवस, तेसुद्धा नाहीत. पण बदली कशी झाली हे ठरवतो ऑर्डर काढणारा सक्षम अधिकारी, बिल पास करणारा क्लार्क नाही. रोटेशन पॉलिसीप्रमाणे कार्यकाळ संपला म्हणून ऑफिसनेच सगळ्यांकडून पसंती मागवली, त्यात तुम्ही भरलेला चॉइस म्हणजे विनंती अर्ज होत नाही. विनंती अर्ज म्हणजे कार्यकाळ संपलेला नसताना तुम्ही आपणहून लिहून देता की आईची तब्येत बरी नाही, मला अमुक ठिकाणी पाठवा, तो.

तरीही वाद घालत बसू नका, ऑर्डर ज्या शाखेने काढली तिथे आजच एका पानाचा अर्ज द्या की ही बदली रोटेशनमधली असून आदेशात 'सार्वजनिक हितार्थ' असा उल्लेख करून शुद्धिपत्रक काढावं. सोबत रोटेशन पॉलिसीच्या सर्क्युलरची प्रत जोडा आणि अर्जाची पोच घ्या. रिलिव्ह व्हायच्या आधी हे होतं, नंतर जुनं ऑफिस म्हणतं नव्याकडे विचारा आणि नवं म्हणतं ऑर्डर आम्ही काढलेली नाही.

गोदाकाठ

वरच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आमच्या ऑफिसात एकाचं बिल त्या दोन शब्दांसाठी अडकलं होतं, तो बिचारा नव्या गावी भाड्याचं डिपॉझिट भरून बसलेला आणि इकडे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर.

आता पैशाचं. सातव्या वेतन आयोगानंतर वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ ला जे ओएम (कार्यालयीन ज्ञापन) काढलं तेच अजून मूळ धरतात, त्याची प्रत मोबाइलमधे ठेवा, कोणी काही बोललं की उघडून दाखवा. त्याप्रमाणे ट्रान्सफर टीएचे चार भाग पडतात. तुमचं आणि कुटुंबाचं प्रवासभाडं, सीटीजी म्हणजे ठोक बदली अनुदान, घरसामानाची वाहतूक, आणि गाडीची वाहतूक.

सीटीजी म्हणजे बदली २० किमीपेक्षा लांब असेल तर शेवटच्या महिन्याच्या बेसिकच्या ८०%, तुमचे ५२,००० म्हणजे ४१,६००. हे ठोक आहे, याला पावत्या लागत नाहीत. पॅकिंग, लोडिंगची मजुरी, घर ते स्टेशन रिक्षा, वाटेतलं खाणंपिणं हे सगळं त्यातच धरलेलं असतं, म्हणून हमालीचं बिल वेगळं लावू नका, हमखास ऑब्जेक्शन येतं. अंदमान निकोबार किंवा लक्षद्वीपला जाताना किंवा तिथून परतताना १००%. त्याच शहरात किंवा २० किमीच्या आत बदली झाली आणि खरोखर घर बदलावं लागलं तर एक तृतीयांश.

घरसामानाला लेव्हल ६ ते ११ ला ६,००० किलोपर्यंत, रस्त्याने नेलं तर किमीला ५० रुपये. लेव्हल ५ ला ३,००० किलो आणि २५ रुपये, लेव्हल ४ आणि खाली १,५०० किलो आणि १५ रुपये. ओएममधेच लिहिलंय की महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतील, आणि भत्ता १ जानेवारी २०२४ पासून ५०% झालाय. म्हणजे तुमचा दर ६२.५० धरायचा. नागपूर बेंगळुरू रस्त्याने साधारण ११०० किमी धरलं तर ६८,७५० ही कमाल मर्यादा. लक्षात ठेवा, ही मर्यादा आहे, भत्ता नाही. ट्रकला ६०,००० दिले तर ६०,०००च मिळणार.

रानजाई

बाप रे, एवढं स्पष्ट मला आमच्या ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. अर्ज आजच टाईप करते. आईचं तिकीट मिळेल का? तिला बाबांची फॅमिली पेन्शन आहे. आणि मुलीची युनिट टेस्ट आहे, त्यामुळे मी आधी जाऊन जॉइन होणार आणि हे सगळे मागाहून येणार, सामानही तेव्हाच, त्याने काही बिघडतं का?

ऑडिटवाला

मागाहून आले तर काही बिघडत नाही. कुटुंब तुमच्या आधी एक महिन्यापर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत जाऊ शकतं, खास कारण असेल तर सक्षम अधिकारी मुदत वाढवूही शकतो. मधे मुलं सुट्टीत आजोळी गेली आणि तिथून थेट बेंगळुरूला आली तरी भाडं मिळतं, फक्त जुन्या ठिकाणापासून नव्या ठिकाणापर्यंत जेवढं झालं असतं तेवढ्याच मर्यादेत.

आईचं मात्र उत्पन्नावर आहे. आई-वडील तुमच्यासोबत राहणारे आणि पूर्ण अवलंबून असले तर कुटुंबात धरतात, आणि अवलंबून म्हणजे सगळं मिळून उत्पन्न किमान फॅमिली पेन्शनच्या आत, म्हणजे महिना ९,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. बाबांची पेन्शन त्याच्या वर असेल तर आईचं तिकीट स्वतःचं काढा. बिलात नाव घालून बघू, चाललं तर चाललं, असं कृपया करू नका. तिचं पेन्शन पासबुक उद्या कोणीही मागू शकतं आणि मग चारशे प्रश्न. आईच्या नसण्याने सीटीजी किंवा सामानाचे पैसे कमी होत नाहीत.

आता ६० दिवसांचं, हे सगळ्यांनी वाचा. पूर्वी टीए क्लेम करायला एक वर्ष मिळायचं. मार्च २०१८ पासून ते ६० दिवस झालंय, प्रवास पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. ६१व्या दिवशी दिलेलं बिल म्हणजे हक्क गेला, आणि ऍडव्हान्स घेतला असेल तर तो पगारातून वसूल. पण तुमचा, कुटुंबाचा आणि सामानाचा हिशेब वेगवेगळा होतो. कुटुंबातल्या प्रत्येकाचा त्याच्या त्याच्या प्रवासाच्या तारखेपासून आणि सामानाचा ते तुमच्या दारात पोचल्याच्या तारखेपासून. म्हणजे तुम्ही आधी गेलात तर तुमचं बिल कुटुंबासाठी थांबवू नका, आधी ते देऊन टाका.

सह्यभटका

रेल्वे की विमान त्याचं पण बघा. लेव्हल ६ ते ११ ला विमानाचा इकॉनॉमी क्लास किंवा एसी टू टियर, लेव्हल ५ आणि खाली एसी थ्री, फर्स्ट क्लास किंवा चेअर कार. कुटुंबालाही तोच वर्ग. विमानाने जाणार असाल तर तिकीट कुठल्याही ऍपवरून काढू नका हां!! सरकारी खर्चाचं विमान तिकीट फक्त तीन ठिकाणाहून चालतं, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. जून २०२२ च्या आदेशात आहे, निदान २१ दिवस आधी बुक करा आणि त्या वेळेच्या स्लॉटमधलं सगळ्यात स्वस्त घ्या असंही त्यात आहे. आमच्याकडे एकाने ऍपवर ४०० रुपये स्वस्त मिळालं म्हणून सगळ्या घराची तिकिटं काढली आणि अख्खं प्रवासभाडं नामंजूर झालं, चांगल्या मनाने सरकारचे पैसे वाचवायला गेला आणि स्वतःचे घालवून बसला. बोर्डिंग पास पण जपा, मुलांचेसुद्धा.

तिखटमीठ

माझा अनुभव पॅकर्सचा आहे तो लिहिते कारण नियम सगळे सांगतील पण खरी झोप तिथेच उडते. इंदूरहून नाशिकला आलो तेव्हा सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला काम दिलं, नाव लिहीत नाही, तशी नावं रोज बदलतात. माणसं आली, पॅकिंग बरं केलं, बिल्टीवर म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर सही घेतली आणि ट्रक निघाला. दोन दिवसांनी फोन, मॅडम सामान अंदाजापेक्षा जास्त निघालं, अजून २२,००० भरा नाहीतर गाडी गोडाऊनला लावतो, रोजचं भाडं वेगळं. घरात तान्हं बाळ, त्याचा पाळणा, स्टरलायझर सगळं त्या ट्रकमधे. भरले पैसे. आणि त्या २२,००० ची पावती द्यायला साफ नकार, म्हणजे क्लेममधूनही गेले.

म्हणून सांगते, रानजाई ताई, काम देताना लेखी घ्या की सामानाची यादी पाहून ठरलेली ही अंतिम रक्कम आहे, वाटेत वाढणार नाही. यादी त्यांची नको, तुमची. प्रत्येक बॉक्सवर मार्करने नंबर आणि वहीत त्यासमोर काय आहे ते, म्हणजे बॉक्स १४ मिक्सर आणि कुकर, बॉक्स १५ मुलीची आठवीची पुस्तकं असं. टीव्ही, फ्रीज, मशीनचे चारही बाजूंनी फोटो आणि सिरियल नंबरचा फोटो. ट्रकचा नंबर आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो काढल्याशिवाय ट्रक हलू देऊ नका. पैसे तीन टप्प्यांत, बुकिंगला थोडे, लोडिंगनंतर काही आणि मोठा हिस्सा सामान उतरल्यावर. आणि रोख एक रुपया नाही, सगळं बँकेतून किंवा यूपीआयने.

ऑडिटवाला

तिखटमीठ यांनी लिहिलेलं सोन्यासारखं आहे, बिलाच्या बाजूने त्यात थोडी भर घालतो.

मी ट्रान्सफरची बिलं तपासायच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत. बिल हातात आलं की पहिल्यांदा बिल्टी बघतो. बिल्टीवर तारीख, कुठून कुठे, ट्रक नंबर, सामान पाठवणारा आणि घेणारा म्हणून तुमचंच नाव, वजन आणि भाडं हे सगळं पाहिजे. मग टॅक्स इन्व्हॉइस, त्यावर जीएसटी नंबर, तो पोर्टलवर टाकला की कंपनी जिवंत आहे का ते लगेच दिसतं. मग पैसे भरल्याचा पुरावा. वजनासाठी काटा पावती असेल तर फारच छान, रिकाम्या ट्रकची एक आणि भरलेल्या ट्रकची एक, हायवेवर धर्मकाट्यावर थोड्या पैशांत होतं ते काम.

आणि आता मन लावून वाचा. बाजारात असे लोक आहेत जे म्हणतात साहेब सामान ४०,००० मधे नेतो, बिल ६८,००० चं देतो. भुलू नका. बिलातला ट्रक नंबर टाकला की ती गाडी आहे का स्कूटर ते दोन मिनिटांत कळतं, टोलनाक्यावरून गेलेल्या गाडीचा फास्टॅगचा हिशेब मागवता येतो. खोट्या टीए बिलावरून विभागीय चौकशी लागते, पैसे वसूल होतात ते वेगळंच, प्रमोशन बंद लखोट्यात जातं, म्हणजे चौकशी संपेपर्यंत अडकतं. २८,००० साठी कुणी असं करावं हे मला कधीच पटलेलं नाही, आणि जे प्रामाणिक आहेत त्यांच्या बिलांकडे त्यामुळेच संशयाने बघितलं जातं.

खानदेशी

घरसामान वाटेत अडवून इ-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र, मागतात कधीकधी. वापरलेल्या घरगुती सामानाला इ-वे बिल लागत नाही, नियमातच सूट आहे. बदली आदेशाची झेरॉक्स आणि सामानाची सही केलेली यादी ड्रायव्हरकडे देऊन ठेवा, म्हणजे तो वाटेत कोणाला चिरीमिरी देऊन तुमच्याकडून मागणार नाही.

गोदाकाठ

कारचं राहिलं. लेव्हल ६ आणि वर असाल तर एक कार किंवा एक दुचाकी, ५ आणि खाली फक्त एक दुचाकी किंवा सायकल. दोन्ही नाही मिळत. घरसामानापेक्षा हे वेगळं हेड आहे त्यामुळे पॅकर्सकडून कारचं इन्व्हॉइस वेगळं घ्या, एकत्र ठोक रकमेचं बिल दिलं तर अकाउंट्सवाले कुठलं किती हे विचारत परत पाठवतात.

गाडी महाराष्ट्र पासिंगची असेल तर पुढचा ताप म्हणजे रजिस्ट्रेशन. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार तर गाडी तिथे नोंदवावी लागते, त्याआधी नागपूर आरटीओची एनओसी, बँकेचं लोन असेल तर बँकेचीही, मग तिथला टॅक्स, मग इथल्या भरलेल्या टॅक्सचा उरलेला परतावा मागा. हा टॅक्स ट्रान्सफर टीएमधे कुठेच बसत नाही. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी २०२१ पासून गाडीच्या नंबरची बीएच म्हणजे भारत सिरीज आहे, केंद्र आणि राज्य दोन्ही सरकारच्या लोकांना मिळते, टॅक्स दोन दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. जुनी गाडीही आता त्यात बदलून घेता येते. तुमची अजून दोन तीन राज्यं व्हायची असतील तर विचार करा.

रानजाई

कारचं डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. लोन संपलंय, पण बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेला नाही, ते काम आधी करावं लागेल असं दिसतंय.

प्राजक्त

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात विचारते. मी आणि नवरा दोघंही केंद्राचे कर्मचारी, वेगवेगळी खाती. त्याची बदली पुण्याहून दिल्लीला झाली, आणि मी पण दिल्लीच मागतेय. दोघांना वेगवेगळं अनुदान मिळेल का?

ऑडिटवाला

प्राजक्त, दोघांच्या बदल्या ६० दिवसांच्या आत झाल्या तर ज्याची नंतर झाली त्याला सीटीजी नाही. ६० दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाली तर नंतरच्याला अर्धं. सहा महिन्यांनंतर झाली तर नेहमीप्रमाणे पूर्ण. पण तुम्ही 'मागतेय' म्हणताय, जोडीदारासाठी मागून घेतलेली बदली ही विनंतीच धरतात, त्यामुळे तुमच्या बाजूने टीएचा प्रश्न येईलच असं नाही. नवऱ्याच्या क्लेममधे कुटुंब म्हणून मुलांचं आणि सामानाचं सगळं व्यवस्थित होतं, तिथे काही सोडू नका.

वसुबारस

आम्हा राज्य सरकारवाल्यांचं काय हो? सगळे केंद्राचेच आकडे सांगताय.

गोदाकाठ

वसुबारस, राज्याचे नियम वेगळे आहेत, तुमच्याकडे मुंबई नागरी सेवा नियम १९५९ मधून प्रवासभत्त्याचं सगळं येतं आणि दर वित्त विभागाच्या शासन निर्णयांनी बदलतात, त्यामुळे इथले ६२.५० आणि ८०% तुमच्या बिलात टाकू नका. पण मूळ गोष्ट तीच, प्रशासकीय बदली की विनंती बदली. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल मेमधे सर्वसाधारण बदल्या, त्यात आदेशात 'विनंतीवरून' हा शब्द आला की प्रवासभत्ता आणि पदग्रहण अवधी दोन्हीवर पाणी.

वसुबारस

तेच तर. आमच्या ऑफिसात प्रशासकीय बदली असून बिल अनुदान उपलब्ध नाही म्हणून पडून राहतं. प्रवासखर्चाच्या हेडखाली वर्षाच्या सुरुवातीला जे येतं ते दौऱ्यांतच संपतं, आणि बदल्या होतात मेमधे, बिलं येतात जूनमधे. मग पुरवणी मागणीची वाट बघा, मग मार्च एंडची. बायकोच्या माहेरून उसने घेऊन ट्रकचे पैसे दिले आणि वर्षभर त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली मला. एका शिपाई पदावरच्या माणसाला गडचिरोलीहून भंडाऱ्याला बिऱ्हाड न्यायला महिन्याचा पगार लागतो, त्याला सांगायचं की थांब अनुदान आल्यावर देऊ, हे बरोबर नाही. बदलीचा आदेश निघतानाच त्याच्या पैशाची तरतूद व्हायला हवी, ती मागणी संघटनांनी लावून धरायला पाहिजे.

निवृत्तनाना

वसुबारस यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्या काळात केंद्रातही असंच व्हायचं, ऍडव्हान्सचा अर्ज केला की बजेट नाही हे ठरलेलं उत्तर. आता बरंच सुधारलंय. रानजाई, तुम्ही ऍडव्हान्स मागाच, हक्क आहे तो. जुन्या ऑफिसात अर्ज करा, मिळालेली रक्कम एलपीसीवर म्हणजे शेवटच्या पगाराच्या दाखल्यावर लिहून जाते आणि हिशेब नव्या ऑफिसात होतो. एलपीसीवर नोंद बरोबर आहे का हे रिलिव्ह होताना स्वतः बघा.

आणि जे रिटायर होणार आहेत त्यांनीही लक्षात ठेवा, सेवानिवृत्तीनंतर गावी जायला हाच टीए मिळतो, तिथे क्लेमची मुदत ६० नाही तर १८० दिवस आहे, जून २०२१ पासून. शेवटच्या नोकरीच्या गावातच किंवा २० किमीच्या आत राहायचं ठरवलं तरी जानेवारी २०२२ पासून पूर्ण सीटीजी मिळतं, अट एकच, घर खरोखर बदललेलं पाहिजे, म्हणजे क्वार्टर सोडून आपल्या घरात गेलात असं. माझ्या बरोबरच्या काहींना हे माहीत नव्हतं, त्यांनी कधी मागितलंच नाही.

सह्यभटका

जॉइनिंग टाइम कोणी लिहिलं नाही वाटतं. १००० किमीपर्यंत १० दिवस, १००१ ते २००० ला १२ आणि त्यापुढे १५. रानजाई तुम्हाला १२ दिवस बसतात. लगेच जॉइन झालात आणि दिवस उरले तर ते अर्जित रजेत जमा होतात, ३०० च्या मर्यादेत. तुम्ही एकट्या आधी जाताय तर कमी दिवस वापरा, उरलेली रजा पुढे सामान आणि मुलं आणायला येताना कामी येईल. त्या काळात पगार जुन्याच ठिकाणचा मिळतो, एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्यासकट, फक्त ट्रान्सपोर्ट अलाउन्स नसतो.

आणखी एक, नव्या ठिकाणी सरकारी क्वार्टर मिळत नाही म्हणून कुटुंब मागे ठेवावं लागलं तर त्यासाठी जादा एकदा जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. क्वार्टर उपलब्ध नाही असं लेखी घ्या मात्र.

तिखटमीठ

मला एक मनापासून म्हणायचंय. हे सगळं ट्रक आणि तिकिटांचं झालं, पण कुटुंबाचा जो खरा खर्च असतो तो यात कुठेच नाही. बेंगळुरूत घरमालक काही महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून आधी मागतात, पूर्वी तर दहा महिन्यांचं मागायचे, ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो. मुलांच्या नव्या शाळेची ऍडमिशन फी, जुन्या शाळेची भरलेली फी परत मिळत नाही, नवे युनिफॉर्म, आणि कर्नाटकात मुलांना कन्नड शिकावं लागतं त्याची शिकवणी. नवऱ्याची किंवा बायकोची खासगी नोकरी सुटते तो तर आकडाच मांडता येत नाही. ८०% बेसिकमधे एवढं सगळं बसवायचं म्हणजे लेव्हल ३-४ च्या माणसाने काय करायचं? त्याचं अनुदान बेसिकवर म्हणून कमी, सामानाची मर्यादा १,५०० किलो, आणि डिपॉझिट मात्र सगळ्यांना सारखंच. बेसिकची टक्केवारी धरण्याऐवजी खालच्या लेव्हलना एक किमान रक्कम ठरवली पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. आठव्या वेतन आयोगापुढे हे कोणीतरी मांडा.

गोदाकाठ

पूर्ण सहमत. आणि मुलं शाळेत असणाऱ्यांच्या बदल्या वर्षाच्या मधे काढूच नयेत, हे परिपत्रकात दर वर्षी लिहितात आणि दर वर्षी ऑक्टोबरात ऑर्डरी निघतात.

मुलांच्या बाबतीत, केंद्रीय विद्यालयात असतील तर पालकाच्या बदलीवर एका केव्हीतून दुसऱ्या केव्हीत बदली दाखल्यावर प्रवेश होतो, तो मार्ग सगळ्यात सोपा. बाहेरच्या शाळेत असतील तर चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स दोन मुलांसाठी चालूच राहतो, महिना २,८१२.५० एका मुलाला, शाळा बदलली म्हणून तो अडत नाही, नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र घ्या. एचआरएचं पण सांगतो, नागपूर वाय वर्गातलं शहर आहे तिथे २०%, बेंगळुरू एक्स वर्गातलं तिथे ३०%. तुमच्या बेसिकवर १०,४०० चे १५,६०० होतील, तेवढाच भाड्याला हातभार.

रानजाई

सगळ्यांना अपडेट देते. शुद्धिपत्रक निघालं!! रोटेशन पॉलिसीची प्रत जोडून अर्ज दिला, शाखाधिकारी बाई भल्या निघाल्या, त्यांनी स्वतः फाइल वर नेली आणि आदेशात सार्वजनिक हितार्थ असं आलं. त्याच क्लार्कने मग ऍडव्हान्सचा फॉर्म स्वतःहून काढून दिला. पॅकर्स मधल्या दराचे निवडलेत, अंतिम रक्कम लेखी घेतली, कारचं इन्व्हॉइस वेगळं देतो म्हणालेत. आईचं तिकीट आम्ही आमचं काढलं. नवऱ्याच्या कंपनीने सहा महिने घरून काम करायला परवानगी दिलीय, त्यानंतर बघू.

दोन छोटे प्रश्न राहिले. या टीएच्या पैशांवर इन्कम टॅक्स लागतो का, मी नवीन रेजिममधे आहे. आणि गॅस कनेक्शन ट्रान्सफर करायचं की सोडायचं?

ऑडिटवाला

फार बरं वाटलं ताई वाचून. बदलीचा प्रवास, पॅकिंग आणि सामान वाहतूक यासाठी मिळालेले पैसे खर्च झालेल्या मर्यादेत करमुक्त आहेत, नवीन रेजिममधेही ही सूट ठेवलेली आहे. ठोक सीटीजीच्या खर्चाच्या पावत्या ऑफिसला द्यायच्या नसल्या तरी घरी एका पाकिटात ठेवा, फॉर्म १६ मधे चुकून पगारात धरलं तर दाखवायला होतात.

खानदेशी

गॅस दुसऱ्या शहरात जाताना एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचे, ते टर्मिनेशन व्हाउचर देतात आणि डिपॉझिट परत करतात. ते व्हाउचर दाखवून बेंगळुरूच्या एजन्सीत तिथल्या दराने डिपॉझिट भरलं की नवीन सिलिंडर मिळतो. मूळ पावती हरवली असेल तर एजन्सीत तसं लिहून द्यावं लागतं. शेगडी आपलीच असते ती ट्रकमधे टाका, पण सिलिंडर ट्रकमधे अजिबात ठेवू नका. एजन्सी रविवारी बंद असते, त्यामुळे पॅकिंगच्या आधीच्या आठवड्यातच जाऊन या.